मोजणी आणि विचारपूस

आत्महत्या हा शब्दच असा आहे की तो उच्चारताच जबाबदारीचा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. खून म्हटला की मारणारा शोधावा लागतो. आत्महत्या म्हटली की मारणारा आणि मरणारा एकच, आणि तो तर निघून गेलेला. पंचनामा होतो, जबाब होतात, कागदपत्रे बांधून कपाटात जातात. मागे राहिलेली माणसे आयुष्यभर स्वतःलाच विचारत बसतात की आपले काय चुकले. बाकी कुणाला काही विचारायचे असते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आपल्या मराठवाड्याला मात्र हा शब्द इतक्या सहजी फसवू शकत नाही. नांदेड, लातूर, बीड, परभणी या जिल्ह्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेतकऱ्यांच्या इतक्या आत्महत्या पाहिल्या आहेत की ‘स्वतःच्या हाताने मेला’ एवढ्यावर इथला माणूस थांबत नाही. तो विचारतो, पाऊस किती झाला होता? कर्ज कुणाचे होते? भाव काय मिळाला? शासनानेही हे मान्य केले आहे. म्हणून तर अशा घराला एक लाख रुपयांची मदत देण्याची पद्धत पडली, आणि ती कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन शब्द आले. या दोन शब्दांवर आपण कितीही चिडलो, तरी त्यांच्या मुळाशी एक मोठी कबुली आहे. ती अशी की हात एकाचा असला तरी त्या हाताला तिथवर नेणारे पुष्कळ असतात.

ही कबुली तुरुंगाच्या दारापाशी आली की काय होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कोठडीत मरण पावणाऱ्या बंद्यांच्या वारसांना भरपाई देण्याचे धोरण मंजूर केले. काम करताना अपघात झाला, वैद्यकीय अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा झाला, कर्मचाऱ्यांनी मारहाण केली किंवा बंद्यांच्या आपसातल्या भांडणात जीव गेला, तर पाच लाख रुपये. तुरुंगात आत्महत्या केली, तर एक लाख. निर्णय चांगलाच आहे. पूर्वी दारोदार फिरणाऱ्या आयांना आता निदान एक दार आहे. पण या दोन आकड्यांमधल्या चार लाखांचा अर्थ काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या बंद्याने मारले तर शासन पाच लाखांपुरते जबाबदार. तोच माणूस त्याच भिंतीआड, त्याच पहाऱ्यात स्वतः मेला तर जबाबदारी एक पंचमांश. उरलेले चार भाग कुणाचे? आकडा बोलत नाही, पण त्याचे म्हणणे ऐकू येते: उरलेले त्याचे स्वतःचे.

हे म्हणणे तपासून पाहायला हवे, कारण मामला एखाददुसऱ्या माणसाचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या तुरुंगांत १५९ अनैसर्गिक मृत्यू झाले आणि त्यांतल्या ११९ आत्महत्या होत्या. म्हणजे तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूचे सर्वांत मोठे कारण मारामारी नव्हे, अपघात नव्हे, आत्महत्या. न्या. अमिताव रॉय यांच्या अध्यक्षतेखाली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीलाही हेच आढळले. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांतल्या ८१७ अनैसर्गिक मृत्यूंपैकी ६६० आत्महत्या होत्या. ही समिती ज्या खटल्यातून जन्मली, त्याची सुरुवात एका पत्रापासून झाली. माजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांनी २०१३ साली देशातल्या १३८२ तुरुंगांच्या अमानुष स्थितीबद्दल न्यायालयाला पत्र लिहिले, आणि तेच याचिका म्हणून दाखल झाले. सप्टेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा एक हिशेब नोंदवला आहे. बाहेरच्या समाजात लाखामागे सरासरी ११ आत्महत्या होत असतील, तर तुरुंगात १६.९. दीडपट. आणि हे अशा जागी, जिथे दार बंद असते, कुलपाची किल्ली शासनाच्या खिशात असते आणि माणूस चोवीस तास नजरेखाली आहे असे आपण समजतो.

नजरेखाली आहे असे आपण समजतो. पण नजर ठेवायला डोळे लागतात. आदर्श कारागृह नियमावलीचे म्हणणे आहे की सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असावा, तीनशेंमागे एक डॉक्टर, पाचशेंमागे एक मानसोपचार जाणणारा समुपदेशक. प्रत्यक्षात देशभरातल्या तुरुंगसेवेच्या मंजूर जागांपैकी जवळजवळ तीन दशांश रिकाम्या असतात, आणि या मंजूर जागासुद्धा फार जुन्या बंदीसंख्येवर बेतलेल्या. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. आपल्या महाराष्ट्रात तर क्षमतेच्या दीडपटीहून अधिक. २०२५ च्या भारतीय न्याय अहवालाने मोजले तेव्हा या पावणेसहा लाखांच्या वस्तीसाठी देशभरात मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ मिळून अवघे २५ भरले.

मी शिक्षिका आहे. मला हे प्रमाण वाचताना परके वाटत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. तो आकडा कुणी पंचांग बघून काढलेला नाही. तीस मुले असली की दुपारपर्यंत शिक्षकाला कळते की आज कोण गप्प आहे, कुणी डबा उघडला नाही, कुणाचे डोळे सुजलेले आहेत. हीच मुले सत्तर-ऐंशी झाली की हजेरी तेवढी होते. पट भरतो, मूल हरवते. शिक्षक तोच असतो, बी.एड.ला त्याने मानसशास्त्राचा पेपर दिलेला असतो, मनही वाईट नसते. पण लक्ष ही भाकरीसारखी वस्तू आहे. जितक्यांत वाटाल तितकी एकेकाच्या वाट्याला कमी येणार. म्हणून मला वाटते, प्रमाण ही केवळ प्रशासनाची बाब नाही, ती नीतीची बाब आहे. कुणाला किती माणसांवर सोपवायचे हे ठरवताना आपण त्या प्रत्येकाच्या वाट्याला किती लक्ष येणार, हेही ठरवून टाकत असतो.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील खटला चालू असल्यामुळे आत आहेत. मुलाखतीच्या दिवशी तो आईबरोबर जातो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येतो. एकदा मधल्या सुट्टीत तो आपणहून म्हणाला, “टीचर, अब्बा बोले उधर दिन में चार-पाँच बार गिनते.” मी विचारले, “नाम लेके?” तो म्हणाला, “नै टीचर, खाली गिनते.” पुढे तो खेळायला पळाला. मला मात्र त्या दोन शब्दांनी पुष्कळ शिकवले. तुरुंगात मोजणी चुकत नाही. सकाळी बराक उघडताना, दुपारी, संध्याकाळी बंद करताना, रात्री. शिरगणती जुळली नाही तर सगळे जागच्या जागी थांबते. कारण मोजणी चुकली तर पळालेल्या माणसाचा जाब विचारला जातो. पण आत बसलेला माणूस मनाने निघून गेला आहे, हे कोणत्या मोजणीत कळावे? त्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे: विचारपूस. मोजणी शंभरांची एका दमात होते. विचारपूस एका वेळी एकाचीच करता येते. माणसे अपुरी पडू लागली की मोजणी टिकते आणि विचारपूस गळते.

हे फक्त गरीब देशांत होते असेही नाही. १० ऑगस्ट २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या केंद्रीय तुरुंगात जेफ्री एपस्टीन हा अतिश्रीमंत आरोपी कोठडीत मृत आढळला. मृत्यूला आत्महत्या ठरवण्यात आले. काही दिवस आधीच त्याला आत्महत्येच्या जोखमीखाली ठेवून काढले होते. त्याच्याजवळ सोबती ठेवण्याची सूचना होती, तो सोबती हलवला गेला आणि दुसरा दिला गेला नाही. रात्री दर अर्ध्या तासाने फेरी मारायची होती, ती मारली गेली नाही, पण मारल्याची नोंद वहीत झाली. पहाऱ्यावरचे दोघेही जादा पाळीवर होते. त्यांतला एक तर लागोपाठ पाचव्या दिवशी. पुढे त्या दोघांवर खोट्या नोंदींचा खटला भरला गेला, आणि काही अटींवर मागेही घेतला गेला. २०२३ साली तिथल्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला. त्यात या दोघांच्या कसुरीबरोबर अनेक वर्षांच्या मनुष्यबळटंचाईवरही बोट ठेवले होते. खटला मात्र वही भरणाऱ्यांवर झाला. जागा रिकाम्या ठेवणाऱ्यांवर कुठे झाला? जगातल्या सर्वांत बलाढ्य देशात, ज्याच्यावर साऱ्या दुनियेचे डोळे लागले होते अशा कैद्याची ही गत. मग आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा कारागृहातल्या, ज्याचा वकीलसुद्धा तारखेला येत नाही, अशा बंद्याची काय कथा!

आता मूळ प्रश्नाकडे येते. माणूस आपल्याच हाताने मेला असेल तर दुसरा किती जबाबदार?

आमच्या घरांत लहानपणापासून एक शब्द कानावर पडतो, अमानत. जीव ही अल्लाहची अमानत आहे, ती आपली मालमत्ता नाही. म्हणून ती मोडण्याचा अधिकारही आपल्याला नाही. आत्महत्या हराम मानली जाते ती याच तर्काने. पण अमानतीच्या विचाराला दुसरी बाजूही आहे. फिक्हच्या पुस्तकांत अमानत सांभाळणाऱ्याचे नियम दिलेले आहेत. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू, सांभाळणाऱ्याने हलगर्जीपणा केला नसताना, नष्ट झाली तर त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही. हलगर्जीपणा केला असेल तर घेता येते. आणि ज्याने वस्तू मालकाच्या मर्जीशिवाय, जबरदस्तीने आपल्या ताब्यात घेतली आहे, त्याला ही सवलत मुळीच नाही. त्याच्या ताब्यात असताना काहीही झाले तरी जाब त्यानेच द्यायचा. आपल्या देशाच्या १८७२ च्या करार कायद्यातही ठेव सांभाळणाऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे, की एखादा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तरी त्याने घ्यावी.

तुरुंगातला माणूस या दोन्हींपैकी कशात बसतो? तो काही आपण होऊन शासनाकडे ठेवायला आलेला नाही. त्याला बळाने आणले आहे. ते बळ कायद्याचे असेल, योग्यही असेल, तरी बळच. आणल्यावर त्याच्याकडून ती सगळी साधने काढून घेतली, ज्यांच्या आधाराने माणूस वाईट रात्र ढकलतो. बाहेर असता तर तो उठून बाहेर गेला असता, मित्राकडे गेला असता, आईला फोन केला असता, दर्ग्याच्या पायरीवर जाऊन बसला असता, डॉक्टरकडे गेला असता. हे सगळे रस्ते शासनाने एकेक करून बंद केले. ज्याने रस्ते बंद केले, त्याच्यावर निदान एक रस्ता उघडा ठेवण्याची जबाबदारी येते. म्हणून मला वाटते, तुरुंगातल्या आत्महत्येत शासनाची जबाबदारी शेतकऱ्याच्या आत्महत्येपेक्षा मोठी आहे. शेतकऱ्याचे शेत शासनाच्या ताब्यात नव्हते. इथे दार, किल्ली, दिवा, जेवण, औषध, सोबती, सगळेच शासनाच्या ताब्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या नीलाबती बेहरा खटल्यात कोठडीत मेलेल्या तरुणाच्या आईला दीड लाखांची भरपाई दिली ती याच पायावर, की ताब्यातल्या माणसाच्या जिवाचा जाब ताबा घेणाऱ्याने द्यायचा.

यावर कुणी म्हणेल, माणसे कमी आहेत, त्याला अधीक्षक काय करणार? बरोबर आहे. रात्रपाळीतल्या शिपायाकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत अन्यायाचे. तो स्वतः सुट्टीवाचून राबलेला, घरापासून दूर, तुटपुंज्या चाळीत राहणारा माणूस आहे. पण त्याची सुटका झाली म्हणून प्रश्न सुटत नाही. तो वरच्या मजल्यावर जातो. तुरुंग हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. जागा मंजूर करणे, भरणे, न भरणे, हे सगळे कुणीतरी सही करून ठरवते. वर्षानुवर्षे रिकामी राहिलेली जागा हा अपघात नसतो, तो निर्णय असतो. फक्त तो कुणी मोठ्याने वाचून दाखवलेला नसतो. हलगर्जीपणा एका माणसाने केला की आपण त्याला नाव देतो. तोच शंभर कचेऱ्यांत वाटला गेला की त्याला ‘टंचाई’ म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मरायचेच ठरवलेल्या माणसाला कोण अडवणार? मग काय प्रत्येकाच्या अंगावर चोवीस तास दिवा ठेवायचा? अमिताव रॉय समितीने आत्महत्येला वाव राहणार नाही अशा बांधणीच्या बराकी सुचवल्या आहेत आणि ते आवश्यकच आहे. पण नुसते एवढेच केले तर आपण माणसाचे मरण अवघड करतो, जगणे सोपे करत नाही. माणसाकडून एकेक वस्तू काढून घेत त्याला रिकाम्या खोलीत एकटे ठेवणे, ही त्याला वाचवण्याची रीत त्याला अधिक मोडूनही टाकू शकते. मुळात ‘ठरवलेले’ हा शब्द फसवा आहे. आत्महत्येचा विचार लाटेसारखा येतो आणि ओसरतोही. तुरुंगात या लाटेच्या वेळा बऱ्याच अंशी माहीत असतात: आत आल्यानंतरचे पहिले दिवस, जामीन फेटाळल्याची रात्र, शिक्षा ऐकून परत आल्यावर, घरून वाईट बातमी आल्यावर. एवढ्या रात्री कुणी जवळ बसले तर पुष्कळ जीव वाचतात.

आणि जवळ बसणारा प्रत्येक वेळी सरकारी नोकरच हवा असेही नाही. १९९० साली वेल्सच्या स्वान्सी तुरुंगात पंधरा वर्षांच्या एका मुलाने जीव दिला. त्यानंतर १९९१ मध्ये समॅरिटन्स या संस्थेने तिथल्याच कैद्यांना दुसऱ्या कैद्यांचे ऐकून घेण्याचे शिक्षण दिले. त्यांना नाव दिले ‘ऐकणारे’. सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही, ऐकलेले कुणाला सांगायचे नाही, फक्त ऐकायचे. ती पद्धत पुढे ब्रिटनभरच्या तुरुंगांत गेली. आपल्याकडेही जुन्या बंद्यांकडून रात्रीचा पहारा करवून घेण्याची रीत आहे. पहारा करू शकणाऱ्याला ऐकायला शिकवता येणार नाही काय? मात्र हे पगारी माणसांच्या बदली नको, जोडीला हवे. नाहीतर सरकार म्हणेल, कैदीच कैद्याला सांभाळतोय, आता भरती कशाला?

ऐकण्याने काय होते हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. त्याआधी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. त्या तुरुंगात सक्ती होती, पण बोलणारे आणि ऐकणारेही होते. हेच गुरुजी स्वतंत्र भारतात, भिंती नसलेल्या जगात, ११ जून १९५० रोजी आपल्या हाताने गेले. शेजारच्या अहमदनगरच्या किल्ल्यात मौलाना आझाद १९४२ पासून बंदिवासात होते. १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, त्यांना शेवटची भेटही मिळाली नाही. त्या दिवसांत ते एका मित्राला पत्रे लिहीत राहिले, जी टपालात पडणारच नव्हती. ‘गुबारे-खातिर’ म्हणून आम्ही उर्दूवाले ती वाचतो. ऐकणारा समोर नसेल तर मनात उभा करावा लागतो, एवढी त्याची गरज असते. मौलानांकडे त्यासाठी भाषा होती. ज्या बंद्याला सहीऐवजी अंगठा उठवावा लागतो, त्याने काय करावे?

तिसरा आक्षेप कुणी लिहून मांडत नाही, पण चहाच्या टपरीवर तो रोज ऐकू येतो: गुन्हेगार मेला तर बिघडले काय? एप्रिल २०२५ मध्येच कल्याणच्या एका बालिकेवरील अत्याचार आणि हत्येच्या प्रकरणातला आरोपी तळोजा कारागृहात मृत आढळला, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या बालिकेच्या आईबापांचा संताप मी समजू शकते. पण खटल्याआधी आरोपी मेला की न्याय मिळत नाही, न्यायाची वाटच बंद होते. साक्ष होत नाही, निकाल होत नाही, गुन्हा सिद्ध झाल्याचे कधी कुणी वाचून दाखवत नाही. आणि आत असलेल्यांत असे आरोपी किती? २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी पाऊण भाग, म्हणजे ४,३४,३०२ जण, कच्चे कैदी होते. कायद्याच्या नजरेत अजून निर्दोष. त्यांत मुसलमान, दलित, आदिवासी यांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त, हे दरवर्षीचे आकडे सांगतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या तुरुंगांतील मुस्लिम बंद्यांचा खास अभ्यासच केला होता. म्हणजे हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यातल्या घरांचाही आहे.

आणि आपल्या मोहल्ल्यालाही काही विचारले पाहिजे. आतून अशी बातमी आली की आपण काय करतो? हराम मौत म्हणून कुजबुजतो. जनाजाला जावे की न जावे, याची चर्चा करतो. बहुतेक फकीहांनी अशा माणसाचा जनाजा पढावा असेच सांगितले आहे. आणि ज्याचे भान ठिकाणावर नाही त्याच्या हिशेबाची लेखणी उचललेली असते, हेही आपण मदरशात शिकतो. मनाई जिवंतासाठी असते, त्याला थांबवण्यासाठी. ती मेलेल्याच्या आईला मारण्यासाठी वापरली की तिचा अर्थच उलटा होतो.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे चालला आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मारुती श्रीपती दुबळ या मुंबईच्या पोलीस शिपायाने अपघातानंतर मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत असा प्रयत्न केला आणि त्याच्यावरच खटला झाला. तेव्हा १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ज्ञान कौर खटल्यात ते पुन्हा उभे केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरायला आणि त्याच्यावर उपचार करायला सांगितले. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात मानसिक उपचाराचा विभाग असावा असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम राहिले नाही. पण त्यातले कलम २२६ राहिले: सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी कुणी असा प्रयत्न केला तर तो गुन्हा. आता विचार करा, बंद्याच्या आयुष्यात सरकारी नोकराशिवाय दुसरे आहे कोण? त्याच्या प्रत्येक आकांताला ‘दबाव’ म्हणणे किती सोपे! माणसे भरपूर असतील, कुणी त्याच्याशी बोललेले असेल, तर आकांत आणि दबाव यांतला फरक ओळखता येतो. टंचाईत तो ओळखला जात नाही.

उपाय काय, हे विचाराल तर चौथीच्या मुलालाही येणारे गणित आहे. प्रमाण सुधारायचे दोन मार्ग: पहारेकरी वाढवा किंवा बंदी कमी करा. रिकाम्या जागा भरणे पहिला मार्ग. दुसरा त्याहून स्वस्त. हुसैनारा खातून खटल्यात न्यायालयाने १९७९ साली बिहारच्या कच्च्या कैद्यांना सोडवले, त्याला पंचेचाळीस वर्षे होऊन गेली. तरी आजही जामीन मंजूर होऊन केवळ ऐपतदार जामीनदार मिळत नाही म्हणून माणसे आत राहतात. ऊसतोडीला किंवा बांधकामावर दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाने सातबारावाला जामीनदार आणायचा कुठून? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, काही अपवाद सोडता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडायला सांगितले आहे. गरीब बंद्याच्या जामिनासाठी रक्कम देण्याची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. जमातीच्या ज्या संस्था रमजानमध्ये लाखोंची जकात गोळा करतात, त्यांनी अशा माणसांची यादी घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जायला काय हरकत आहे? बंदिवानाची मान सोडवणे हा तर जकातीचा जुनाच खर्च आहे.

हजरत यूसुफ यांचा किस्सा घराघरात माहीत आहे. निरपराध असताना ते तुरुंगात गेले. सुटून जाणाऱ्या सोबत्याला त्यांनी एवढेच सांगितले की बादशहापाशी माझी आठवण काढ. तो बाहेर गेला आणि विसरला. यूसुफ आणखी कित्येक वर्षे आत राहिले. लोक या किस्स्यातून सब्र शिकतात. मला त्यातला विसरणारा माणूस अधिक भेडसावतो. तो दुष्ट नव्हता. तो फक्त आपल्या कामाला लागला होता. यूसुफ पैगंबर होते, म्हणून तेवढी वर्षे धीराने काढू शकले. पैगंबरांच्या धीराचे माप साध्या माणसाला लावून, त्याचा धीर सुटला की चार पंचमांश दोष त्याच्या नावावर टाकायचा, हा हिशेब मला तरी मान्य नाही.

ज्यांच्या घरातले कुणी आत आहे आणि जे बाहेर राहून आतून खचले आहेत, त्यांच्यासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवावा. आणि ज्यांच्या घरातले कुणीच आत नाही, त्यांनी एवढे करावे: आपल्या आमदाराला शाळा, रस्ता, पाणी विचारतो तसे एकदा हेही विचारावे की आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात किती जागा रिकाम्या आहेत, आणि तिथे बंद्यांना मोजतात तशी त्यांची विचारपूस करायला कोण आहे?